बाबांची मूठ आणि उघडण्याचे इंग्रजी शब्द

चौबे कॉलोनीतल्या आमच्या पुढच्या खोलीत मी इंग्रजीची शिकवणी घेते. मागच्या वर्षी एकदा मुलांना विचारलं, अनफोल्ड म्हणजे काय? सगळे म्हणाले, "खुलना." अनरोल? खुलना. अनफर्ल? तेच. ब्लूम विचारल्यावर एका पोट्टीनं थोडी मेहनत घेतली, "मॅम, फूल का खुलना." या हिंदी मुलखात, घरी मराठी ऐकून वाढलेली ही पोरं उत्तर हिंदीत देतात, आणि वर एकाच किल्लीनं सगळी कुलपं उघडतात. माझा पारा चढला. हे शब्द मला कसे मिळाले, ते यांना काय ठाऊक.

माझे वडील रेल्वेत होते. तेव्हा आमचं घर बीरगांवात होतं. बाबांचं इंग्रजी बेताचंच, पण शिकवण्याची रीत त्यांची स्वतःची. अर्थ सांगायचा नाही, हातांनी करून दाखवायचं. अनफोल्ड म्हणजे आईच्या नव्या पातळाची घडी मोडणं, आणि त्यावरून आईची बोलणी खाणं. अनरोल म्हणजे गुंडाळलेली चटई अंगणात सोडून देणं. अनरॅव्हलसाठी त्यांनी स्वतःचा जुना स्वेटर उसवला होता. इव्हॉल्व्हपाशी मात्र ते अडले. म्हणाले, "हे हातानं नाही होत, याले वेळ लागते. तुह्याकडं पाहून राहिलो ना मी, तेच ते."

अनफर्ल जयंतीला कळायचा. विहारासमोर पंचरंगी झेंडा चढवायचा मान पाहुण्यांचा, पण तो बांधायचं काम बाबांचं. ते झेंड्याची घडी घालत, आत झेंडूच्या पाकळ्या ठेवत, गुंडाळी करत आणि एकच सरकगाठ देत. पाहुण्यांनी दोरी ओढली की ते एवढंसं गाठोडं वर एकदम आभाळभर व्हायचं आणि पाकळ्या आमच्या डोक्यावर पडायच्या. दरवर्षी तेच, आणि दरवर्षी माझ्या अंगावर काटा यायचा. एवढं सगळं त्या इवल्याशा गाठोड्यात मावलं कसं, हे मला आजही नीटसं कळलेलं नाही.

गेल्या थंडीत बाबांना पक्षाघात झाला. बोलणं काही दिवसांत परत आलं, पण उजव्या हाताची मूठ वळली ती वळलीच. ज्या हातांनी मला एवढं उघडून दाखवलं, त्यातला एक बंद झाला. तो पुन्हा उघडेल की नाही, एवढी एकच गोष्ट मला दिवसरात्र दिसत होती. डॉक्टर म्हणाले, "मूव्हमेंट धीरे-धीरे डेव्हलप होगी." शंकर नगरहून व्यायाम करवायला एक दीदी यायच्या. त्या बजावायच्या, बोटं खेचू नका, आधी मनगट खाली वाकू द्या. पण धीर हा माझा गुण नाही. त्यांची पाठ वळली की मी एकेक बोट धरून ओढायची. बाबा दात आवळून बसायचे. तळवा पुसायला ओल्या फडक्याचं टोक कसंबसं आत सरकायचं, एवढीच काय ती प्रगती.

बीरगांवच्या त्याच विहारासमोर या जयंतीला झेंडा बांधायचं माझ्यावर आलं. चढवताना मधेच सुटला तर अब्रू जाईल, या भीतीनं मी गाठ चांगली करकचून आवळली. पाहुण्यांनी दोरी ओढली. काही नाही. आणखी जोरात ओढली. गाठोडं वर तसंच लटकलेलं, खाली सगळा पारा, सगळी जुनी वस्ती, माना वर करून उभी. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. तेवढ्यात खुर्चीवरून बाबांचा आवाज आला, "वढू नका भैया. ढील द्या अगोदर." पाहुण्यांनी दोरी सैल सोडली, गाठोडं जरा खाली बसलं, मग एक हलका झटका दिला. झेंडा उघडला.

घरी आल्यावर बाबांनी डाव्या हातानं उजवी मूठ उचलून माझ्या पुढ्यात ठेवली. "याले बी ढील दे. रोज वढून राहिली तू."

त्या दिवसापासून मी ओढणं सोडलं. सकाळी त्यांचा हात मांडीवर घ्यायचा, मनगट आपल्या भारानं वाकू द्यायचं आणि गप्प बसायचं. माझ्यासारखीला ही शिक्षाच. पण काही आठवड्यांनी अंगठा बाजूला झाला. मग बराच काळ काही नाही. मग करंगळी. आणि आषाढातल्या एका सकाळी, मी काहीही करत नसताना, उरलेली बोटं एकामागून एक सैल होत गेली आणि तळवा दिसला.

पांढरट, ओलसर, नखांचे चार व्रण असलेला. लहान बाळाचा असावा इतका मऊ. मी पाहतच राहिले. जन्मभर ज्या शब्दांवर पोट भरलं, त्यातला एकही त्या घडीला माझ्या मदतीला आला नाही. आणि कुणाला सांगायचं तरी काय होतं? मला रडू आलं, ते मी येऊ दिलं.

बाबाही आपल्या तळव्याकडे बघत होते. मग म्हणाले, "जरा खाजवून दे. थंडीपासून खाजून राहिलं."

"मग सांगितलं काहून नाही, बाबा?"

"सांगितलं असतं, तर तू अजून जोरानं वढली असती."