अकराची टेप

मी साखर कारखान्याच्या कॉम्प्युटर विभागात होतो तेव्हा बॅकअप सकाळी अकरालाच व्हायचा. त्याला तांत्रिक कारण काही नव्हतं. चेअरमनसाहेबांचे पाहुणे अकराला आमच्या विभागात येत. कारखाना पाहून झाल्यावर आणि चहाच्या आधी त्यांना आमच्या एसी खोलीत आणलं जाई. मी टेप आत सरकवायचो, दिवा लुकलुकायचा, साहेब म्हणायचे, "हे आपलं युनिक्स. सगळ्या सभासदांचा ऊस या डबीत हाय." पाहुणे डबीकडे आदरानं बघत.

त्याच वेळी बाहेरच्या काउंटरवर दोन क्लार्क ऊस लागणीच्या नोंदी भरत असत. लागणीच्या तारखेवर तोडणीची पाळी ठरायची. सगळ्यांना सिस्टिममधून बाहेर काढून मगच बॅकअप घ्यावा, असं मॅन्युअलात होतं. मी ते मॅन्युअल दोनदा वाचलं होतं. काउंटर बंद ठेवू का, असं एकदा विचारलंही. "पाहुण्यांसमोर बंद काउंटर?" साहेब म्हणाले. विषय संपला. टेपवरच्या फायलींची यादी मी रोज तपासायचो. यादीत सगळी नावं असायची.

हंगाम तोंडावर आला आणि डिस्क गेली. नवी बसवली, कालची टेप लावली. सगळं परत आलं, फक्त लागणीच्या नोंदींची फाइल उघडेना. परवाची टेप लावली, तेच. त्याच्या आधीची लावली, तेच. सहाव्या टेपलाही तेच.

टेप फाइलचा सुरुवातीचा भाग लिहून पुढे सरकायची, तोवर क्लार्क त्याच भागात नवी नोंद घालून मोकळा व्हायचा. टेपवर उतरायची ती कुठल्याच क्षणी अस्तित्वात नसलेली फाइल. अनुक्रमणिका एक सांगायची, पानं दुसरंच. रोज. मी स्वतःच्या हातानं, पाहुण्यांसमोर.

वरवंडचे एक आबा बाकावर बसले होते. त्यांची लागण गावात सगळ्यांत आधीची.

"माझा नंबर कुटं गेला म्हंता?"

"मशीनमधून गेला, आबा."

"मंग आता आधी कुणाचा तुटायचा? डायरेक्टरच्या मेव्हण्याचा?"

खरं उत्तर तेच होतं. आबांनी टोपीच्या घडीतून नोंदीची पावती काढली. घामानं पिवळी पडली होती, पण तारीख वाचता येत होती.

"हिच्यावरनं भरा. मी हितंच बसतो."

मी नोंद भरली. ते स्क्रीनकडे नाही, माझ्या बोटांकडे बघत होते. नंतर गावोगाव निरोप गेले, पावत्या आल्या. ज्यांच्या हरवल्या होत्या त्यांच्या तारखा खऱ्या भरल्या, असं आजही मला छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही.

पुढच्या आठवड्यात पाहुणे अकराला आले. "चालू करा," साहेब म्हणाले.

"काउंटर बंद झाल्यावर करतो, साहेब. सहाला."

साहेब दाराकडे वळले. मग पाहुण्यांना म्हणाले, "चला, चहा घेऊ."