पितो की पीत होतो

सासऱ्यांनी आपणहून दारू सोडायचं मनावर घेतलं, तेव्हा आम्ही गोडादऱ्यात राहत होतो. नव्वदीची मधली वर्षं असतील. ते पांडेसऱ्याच्या एका डाइंग मिलमध्ये कामाला होते. गुजरातेत दारूबंदी होती, पण आमच्या गल्लीच्या टोकाला प्लॅस्टिकच्या पोटलीतली दारू दुधापेक्षा वेळेवर यायची. धाकटा भाऊ गेल्यापासून सासऱ्यांचं पिणं वाढलं होतं. जेवताजेवता मध्येच रडायला लागायचे. एका रविवारी मला म्हणाले, "पोरी, तुला गुजराती येतं. मला सरकारी दवाखान्यात ने."

मी सकाळपाळीच्या मराठी शाळेत शिक्षिका होते. दुसऱ्या दिवशी दुपारी सासूबाईंना घेऊन आम्ही तिघं गेलो. मानसिक विभागातले डॉक्टर तरुण होते आणि भाऊ गेल्याचं सगळं शांतपणे ऐकत होते. सासूबाईंनी त्यांना तीनदा बजावलं, "यास्ले येड नही लागनं, दारू लागेल शे."

मी त्याचं गुजराती केलं. डॉक्टर म्हणाले, "काकांच्या मनाचं मी बघतो. दारूचं काम नशाबंदी खात्याचं. त्यांचं पत्र आणल्याशिवाय इथे केस निघत नाही."

नशाबंदी कचेरी शहराच्या दुसऱ्या टोकाला. तिथल्या कारकुनाने मी सासऱ्यांच्या वतीने लिहिलेला अर्ज वाचला आणि आवाज खाली आणला. "बेन, तुम्ही 'दारू पितो' लिहिलंय. हे मी वाचलं तर मला पोलिसांना कळवावं लागेल. 'पीत होतो' करा."

मी काळ बदलून दिला. आठवड्याने शिक्का मारलेलं पत्र मिळालं : सदर गृहस्थ पूर्वी दारू पीत होते.

ते घेऊन दवाखान्यात गेलो, तर खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, "पीत होते, म्हणजे सुटली. मग इथे काय काम?"

"आते कोठे जावानं?" सासूबाईंनी विचारलं. परत नशाबंदीत.

असे दीड-दोन महिने गेले. सासरे पाळी बदलून घ्यायचे, धुतलेला सदरा घालायचे. साहेबासमोर तोंडाला वास नको म्हणून जायच्या दिवशी पीत नसत. पुढे वास रात्रभर टिकतो असं कोणीतरी सांगितलं, म्हणून आदल्या दिवशीही बंद. आम्हाला तर एक दिवसाआड बोलावत होते. हात थरथरायचे, चिडायचे, पण सदरा घालून दारात उभे राहायचे.

तेवढ्यात वरून हुकूम आला की दोन्ही खात्यांनी मिळून काम करावं. समन्वय समिती नेमली गेली. दोघांचेही शिक्के असलेली फाइल आमची एकटीच होती, म्हणून आम्हाला बैठकीला बोलावलं. मोठ्या साहेबांनी प्रेमाने विचारलं, "काका, दारू कशी सुटली?"

सासरे हात जोडून म्हणाले, "साहेब, पिऊन कचेरीत यायची भीती वाटायची. आणि तुम्ही तर सारखं बोलवत होता."

मी जसंच्या तसं गुजरातीत सांगितलं. साहेबांनी कारकुनाला लिहायला लावलं : दोन्ही खात्यांच्या समन्वयामुळे रुग्णास लाभ झाला. मग चहा आला.

बैठकीनंतर ते तरुण डॉक्टर व्हरांड्यात आमच्याजवळ आले. ओशाळलेले दिसले. "काका, कागद राहू द्या. तुमच्या भावाचं सांगा," म्हणाले आणि त्यांना खोलीत घेऊन गेले. मी दुभाषी म्हणून उठले, तर सासऱ्यांनी हातानेच बस म्हटलं. आत तासभर ते अहिराणीत बोलत होते. डॉक्टरांना किती कळलं कोण जाणे. बाहेर आले तेव्हा डोळे सुजलेले होते आणि त्यांना भूक लागली होती. सासूबाईंनी तिथेच बाकावर भाकरीचं फडकं सोडलं.

गोळ्या वर्षभर चालल्या. मधल्या काळात दोन लग्नांत ते प्यायले, आणि दोन्ही वेळा डॉक्टरांना जाऊन स्वतःच सांगून आले. पुढे मिलमधल्या दोघा सोबत्यांनाही ते त्याच डॉक्टरांकडे घेऊन गेले. सरळ आत नेलं, खिडकीकडे पाहिलंसुद्धा नाही.