रहाडीचा रंग आणि लेझमीची रांग

मुलं मैदानात दक्ष उभी होती. गणवेश पांढरेशुभ्र, कॅनव्हासचे बूट खडू घासून पांढरे केलेले, हातात लेझीम. वर मात्र पिवळे, गुलाबी आणि केशरी चेहरे. एका मुलीचा अपवाद सोडला तर लेझीम पथकातलं एकही मूल माणसाच्या रंगाचं राहिलं नव्हतं. पाहुणे दोन तासांत येणार होते.

मी तेव्हा जुन्या नाशकातल्या एका शाळेत पी.टी. शिकवत होते. शाळा पाचवी ते सातवीची. सत्तरचं दशक संपत आलं होतं. पी.टी.ला बाई ठेवायची कल्पना लोकांना अजून नवी होती, त्यामुळे माझ्या तासाला रस्त्यावरची माणसंही कुंपणापाशी थांबायची. त्या दिवशी आमचा बक्षीस समारंभ होता. स्कॉलरशिप मिळवलेली मुलं, चित्रकलेच्या परीक्षेत ग्रेड घेतलेली मुलं, विज्ञान प्रदर्शनात पाणचक्की मांडणारी मुलं, सगळ्यांचा सत्कार व्हायचा होता. शेवटी लेझीम. मुलं संक्रांतीपासून त्यासाठी घाम गाळत होती.

नाशिकबाहेरच्यांसाठी थोडं सांगायला हवं. आमच्याकडे रंग धुळवडीला खेळत नाहीत, रंगपंचमीला खेळतात. आणि तो नुसता पिचकारीचा खेळ नसतो. जुन्या वस्तीत चौकाचौकात जमिनीखाली दगडी हौद आहेत. त्यांना रहाड म्हणतात. वर्षभर त्या फळ्या आणि माती टाकून बंद असतात. रंगपंचमीला उघडतात, फुलं उकळून केलेल्या रंगाने भरतात, पूजा होते, आणि मानकऱ्याने पहिली उडी मारली की सगळा गाव आत उड्या मारतो. त्या उडीला धप्पा म्हणतात. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला. तिवंध्याची पिवळी, पंचवटीची गुलाबी, दिल्ली दरवाजाची केशरी. आणि हा रंग एका आंघोळीत जात नाही. आठवडाभर माणसाच्या कानामागे बघून तो कुठल्या चौकातला, हे सांगता येतं.

आमचे हेडमास्तर वानखडे सर विदर्भातले. बदलून येऊन त्यांना वर्षही झालं नव्हतं. प्रमुख पाहुणे म्हणून त्यांनी देवळाली कॅम्पमधल्या एका कर्नलसाहेबांना बोलावलं. कर्नलसाहेबांनी तारीख दिली ती नेमकी रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवसाची.

मी लगेच ऑफिसात गेले. "सर, आदल्या दिवशी रंगपंचमी आहे."

"मग? रंग तर धुळवडीला राहतो ना. तो झाला की."

"नाशकात पंचमीलाच असतो. आणि तो धुऊन जात नाही."

"साबण कशाला राहतो, मॅडम?"

"तारीख एक दिवस पुढे घेता येईल का?"

"मिलिटरीची तारीख आहे. ती काय लग्नाचा मुहूर्त आहे?"

त्यांनी स्वतःच्या हाताने फळ्यावर नोटीस लिहिली. रंगपंचमी खेळणाऱ्या विद्यार्थ्यास लेझीम पथकात उभे राहता येणार नाही. ती मुलांना वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं. मी वाचून दाखवली. मग नियम मोडणाऱ्यांसाठी सूचना दिल्या. तोंडाला, कानाला आणि मानेला आधी खोबरेल तेल चोपडा. लांब बाह्यांचे कपडे घाला. मला माझं गाव माहीत होतं.

तेलाचा काही उपयोग झाला नाही, हे आता समोर दिसत होतं. सर अजून यायचे होते. मी रांगेतून फिरत पहिल्यांदा सुनीलपाशी थांबले. सुनील सातवीतला, हात न हलवता उभा राहू न शकणारा मुलगा. त्याचा एक गाल पिवळा होता, दुसरा गुलाबी, आणि कपाळावर केशरी.

"हे काय?"

"बाई, मी खेळलो नाही."

"मग?"

"पडलो."

"कुठे?"

"रहाडीत."

"किती वेळा पडलास?"

त्याने विचार केला. "तिन्हींत मिळून?"

पुढची मुलगी म्हणाली, "मी फक्त गॅलरीत उभी होते, बाई. खालून बादली वर आली." मुलींना त्या काळी रहाडीत कोणी उतरू देत नसे, पण रहाडीतल्या बादल्या घरापर्यंत यायच्या. मखमलाबादच्या मळ्यातून येणारा एक जण म्हणाला, "म्या तर लय लपलो व्हतो, बाई. आमच्या आज्यानंच धरून दिलं." बहुतेकांनी बेसन, दही, लिंबू लावून बघितलं होतं. एकाने रॉकेल लावलं होतं. त्याला मी रांगेच्या टोकाला, वारा जाईल त्या बाजूला उभं केलं.

सुनीलच्या खिशात काहीतरी फुगलेलं दिसलं. काढायला लावलं तर शाईची बाटली. आत पिवळा रंग.

"शाळेत रंग आणतोस?"

"माझा नाही, बाई. वंदनाचा आहे."

"वंदनाचा म्हणजे?"

"तिचा वाटा. ती खाली आली नाही ना. आम्ही काढून ठेवला."

मी बाटली जप्त करून पर्समध्ये टाकली.

वंदना म्हणजे तो एकुलता एक अपवाद. वंदना गांगुर्डे, पथकाची लीडर. वडील पोस्टात. लेझमीची शिट्टी आमच्या शाळेत तोवर मुलाच्याच गळ्यात असायची. त्या वर्षी मी ती तिच्या गळ्यात घातली, कारण कोणाचा ठेका चुकला की तिला ते कानाने कळायचं. बाकीच्यांना, मला धरून, ते डोळ्यांनी दिसल्यावर कळायचं.

तेवढ्यात सर आले. सायकल स्टँडला लावता लावता त्यांनी मैदानाकडे पाहिलं आणि सायकल पडली.

"मॅडम, हे काय आहे?"

"रंगपंचमी, सर."

"नोटीस वाचली नव्हती?"

"वाचली होती. पाठ आहे सगळ्यांना."

"लेझीम रद्द. कर्नलसाहेबांसमोर ही माकडं नाचवू मी? बक्षिसं देऊ, चहा देऊ, विषय संपला."

रांगेतून आवाज आला, "सर, माझ्या तोंडाला रंग नाही." वंदना पुढे आली होती. हात शिट्टीवर. "मी काल दिवसभर घरात बसले. दाराला कडी मीच घालायला लावली आईला. खिडक्यासुद्धा लावल्या. खाली सगळी माझ्या नावाने ओरडत होती. मी लेझमीसाठी बसले, सर."

सरांनी पडलेली सायकल उचलून स्टँडला लावली. ते मला म्हणाले, "तुम्ही बघा काय ते," आणि ऑफिसात गेले. रद्द म्हटलं होतं ते त्यांनी परत घेतलं नाही, पण पुन्हा उच्चारलंही नाही. सरकारी नोकरीत एवढी जागा पुष्कळ असते.

मी म्हटलं, "चला, सगळे उभे राहणार."

वंदनाचा चेहरा पडला. "खेळले तेही?"

"तू एकटी लेझीम करणार आहेस का?"

"मग मी घरात बसले ते उगाचच."

"उगाच नाही."

"मग कशाला?"

"सांगते, थांब."

मला तेव्हा काहीही सुचलेलं नव्हतं. 'सांगते, थांब' हे शिक्षकांचं वेळ काढायचं वाक्य आहे.

मी व्यासपीठावर चढून पथकाकडे पाहिलं. पाहुण्यांना काय दिसेल ते आधी बघावं लागतं. लेझमीत रांगा उंचीप्रमाणे लावतात. बुटके पुढे, उंच मागे. त्यामुळे तिन्ही रंग कसेही मिसळले होते आणि पथक घाण दिसत होतं. रंग वाईट नव्हते. मिसळण वाईट होती. पंचवटीच्या बाजारात कुठलीही भाजीवाली टोमॅटोत गिलकी मिसळून ठेवत नाही. ढीग वेगळे लावते, मग तोच माल ताजा दिसतो.

"पिवळे इकडे. गुलाबी झाडाखाली. केशरी पाण्याच्या टाकीपाशी."

लगेच भांडणं. "बाई, हा पिवळा नाही, गुलाबीवर पिवळा झालाय." "तू गप, तुझी मान बघ." मी प्रत्येकाला एकेका ढिगात ढकललं. पण रांगा रंगाप्रमाणे लावल्या तर उंचीचा घोळ. पुढचा उंच, मागचा दिसतच नाही. तेव्हा रांगाच रद्द केल्या. गोल केले. गोलात उंच-बुटकं कळत नाही. बाहेर पिवळ्यांचा मोठा गोल, त्याच्या आत गुलाबी, त्याच्या आत केशरी. सुनील तिन्ही रंगांचा, तो कुठेच बसेना. त्याच्या हातातली लेझीम काढून हलगी दिली. त्याला तेच हवं होतं.

"वंदना, आता सांगते. तू सगळ्यांच्या मध्ये. एकटी. अख्ख्या मैदानात स्वच्छ चेहरा एकच, तो तुझा. लीडर कोण, हे कोणाला शोधावं लागणार नाही."

तिने तिन्ही गोलांवरून नजर फिरवली. "म्हणजे मी खेळले असते तर दिसले नसते."

"नसतीस."

"बरं," ती म्हणाली, आणि शिट्टी तोंडात धरली.

नव्या रचनेचा सराव दोनदाच झाला. पहिल्यांदा केशरी गोल गुलाबीत घुसला. दुसऱ्यांदा घुसला नाही. मी ऑफिसात जाऊन सरांना सांगितलं.

"पाहुण्यांना काय सांगू? नाटकाचा मेकअप आहे म्हणून?"

"काही सांगू नका. विचारलं तर खरं सांगा."

"जबाबदारी तुमची राहील, मॅडम."

"ती एरवीही माझीच असते."

सरांचं लक्ष माझ्या हाताकडे गेलं. मी त्या दिवशी मुद्दाम पूर्ण बाह्यांचा ब्लाउज घातला होता, पण बाही जरा वर सरकली होती. "तुमचं मनगट पिवळं आहे."

"हळद आहे, सर."

"हो का," सर म्हणाले.

कर्नलसाहेब जीपमधून उतरले. उंच, पांढऱ्या मिशांचे, पंजाबी. बक्षिसं सुरू झाली. स्कॉलरशिपची पहिली मुलगी गुलाबी कान घेऊन वर आली. पाणचक्कीवाला पिवळा. कर्नलसाहेब प्रत्येकाशी हात मिळवत होते आणि मधूनच आपला पंजा उलटा करून रंग लागला का ते बघत होते. काही बोलले मात्र नाहीत. कुंपणापाशी पालकांची दाटी झाली होती. तेही त्याच रंगांचे.

मग लेझीम. सुनीलने हलगीवर थाप दिली आणि गोल फिरू लागले. पिवळा उजवीकडे, गुलाबी डावीकडे, केशरी पुन्हा उजवीकडे. चार आवाज, आठ आवाज हे सुरुवातीचे हात छान झाले. 'आगे फलांग'ला, म्हणजे पुढे झेप घ्यायच्या हाताला, केशरी गोल उलटा निघाला. अजून दोन पावलं, आणि लेझमी एकमेकींत अडकल्या असत्या. मी खुर्चीतून उठले. माझ्या लक्षात यायच्या आत वंदनाची लांब शिट्टी झाली. सगळे होते तसे थांबले. वाकलेले वाकलेलेच, हात वर असलेले वरच. हलगी थांबली. मैदानात आवाज नाही. वंदनाने केशरी गोलाकडे बघून बोट फिरवलं, ते वळले. पुन्हा शिट्टी, पुन्हा हलगी. लोकांना वाटलं, हे असंच बसवलेलं आहे. पहिल्या टाळ्या तिथेच पडल्या.

संपल्यावर कर्नलसाहेब मैदानात उतरले. "ये कलर का आइडिया किसका है?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी खरं सांगितलं. "साहब, कल रंगपंचमी थी. ये धुलता नहीं."

ते मोठ्याने हसले. "हमारी होली तो कब की हो गई."

"आमचीही," सर म्हणाले.

कर्नलसाहेब वंदनाकडे वळले. "और तुम? तुमने नहीं खेला?"

"नहीं सर. नोटीस था."

"किसका नोटीस?"

वंदना बुटांकडे बघत राहिली. नाव सांगेना. शेवटी सर म्हणाले, "मेरा." मग घसा साफ करून तिला म्हणाले, "वंदना, नोटीस कार्यक्रमापुरती होती. कार्यक्रम झाला."

मी पर्समधून शाईची बाटली काढून तिच्या हातात दिली. तिने झाकण उघडलं, वास घेतला, आणि सरांसमोर उभी राहिली.

"सर, पहिला मान मोठ्यांचा असतो."

सर तिच्याकडे बघत राहिले. सगळी मुलं सरांकडे. मग सरांनी चष्मा काढला, काळजीपूर्वक घडी घालून खिशात ठेवला, आणि मान पुढे केली. तिने दोन्ही गालांना एकेक बोट लावलं, व्यवस्थित, गंध लावावं तसं. उरलेली बाटली सुनीलने तिच्या डोक्यावर रिकामी केली. त्यानंतरचा आरडाओरडा नदीपलीकडे ऐकू गेला असेल.

पुढच्या आठवड्यात मिलिटरीचा ट्रक शाळेच्या दारात आला. पथकाला देवळालीला जवानांच्या कुटुंबांसमोर लेझीम करायला नेलं. मुलांना पुरी-भाजी मिळाली आणि तोफेला हात लावू दिला. रंग तोवर उतरला होता. कर्नलसाहेबांच्या बायकोने मला बाजूला घेऊन विचारलं, "वो रंगवाले बच्चे नहीं आए?"

दुसऱ्या वर्षी तारीख ठरवायच्या आधी सरांनी मला ऑफिसात बोलावलं. टेबलावर पंचांग उघडं होतं. गावाचा सण नोटीस लावून हलत नाही, तारीख हलवता येते, एवढं दोघांनाही कळलं होतं. मी त्यात आणखी एक भर घालते. मुलांना करू नका म्हणून सांगायचं असेल तर सांगावं, पण केल्यावर त्यांना कुठे उभं करायचं, तेही ठरवून ठेवावं.

त्या दिवशीचा फोटो ऑफिसात टांगला होता. मेन रोडचा फोटोग्राफर तेव्हाच म्हणाला होता, "बाई, ब्लॅक अँड व्हाइट आहे. रंग येणार नाही, मळ येईल." तसंच झालं. एकदा तपासणीला आलेले साहेब त्या फोटोपाशी बराच वेळ थांबले. पथकाकडे बघितलं, मध्ये बसलेल्या वानखडे सरांच्या गालांकडे बघितलं.

"काय हो, फोटोच्या दिवशी तरी तोंडं धुऊन यायला सांगायचं."

"धुऊनच आले होते," सर म्हणाले.