माझ्याच मशीनमध्ये दोष निघू दे

मंडळी, परतूरच्या चहात आज आलं नव्हतं, याचा मी जाहीर निषेध नोंदवतो.

मी एक्स-रे मशीन बनवणारा सीनियर इंजिनिअर. आमचं नवं मशीन आज इथल्या दवाखान्यात बसवलं. टेक्निशियन सविताताई म्हणाल्या, "सर, सकाळपासून खोकून राह्यले तुम्ही. पहिला फोटो तुमचाच काढू की!"

काढला. फुप्फुसावर डाग.

देवाला म्हणालो, माझ्याच मशीनमध्ये दोष निघू दे! कुणी आपलंच काम फसावं म्हणून कधी हात जोडलेत?

मशीन तपासायला ताईंनी समोर कुणी नसताना नुसत्या प्लेटचा फोटो काढला, तो स्वच्छ आला. माझा पुन्हा काढला. डाग तिथंच.

"मशीन बराबर हाय, सर. तुम्ही डॉक्टरला दाखवा, जल्दी."

दवाखान्याला प्रमाणपत्र द्यायचं राहिलं होतं. लिहिलं, 'मशीन निर्दोष', आणि सही केली.