उतार बघून लावलेली जीप

अकलूजहून जुनी जीप घेऊन सोलापूरला घरी निघालो, तेव्हा टेंभुर्णी येईपर्यंत मी बायकोला एकच गोष्ट समजावत होतो, की दणकट गाडी सावकाशच चालते. इंजिन बेंबीच्या देठापासून ओरडत होतं आणि आम्ही सायकलच्या वेगानं पुढं सरकत होतो. रिकाम्या दोन ट्रॉल्या ओढत एक ट्रॅक्टर आम्हाला मागं टाकून गेला. जाताना ट्रॅक्टरवाल्यानं वळून काळजीनं बघितलं.

"वजन आहे ना हिला," मी म्हणालो.

"ट्रॅक्टर कागदाचा असतो वाटतं," बायको म्हणाली.

मोडनिंबला चहाला थांबलो. बॉनेटमधून वाफ आणि खालून जळका वास येत होता. शेजारी टेम्पो लावून चहा पिणारा एक माणूस उठला, आत डोकावला आणि गिअरच्या दांडीशेजारच्या छोट्या दांडीकडं बघत राहिला.

"सायेब, ही लो मदी घातलीय की! हायवे नांगरायचा हाय का?"

घडलं होतं असं. ही छोटी दांडी पुढं ढकलली की चारही चाकांना जोर येतो, असं विकणाऱ्यानं दाखवलं होतं. ते चिखलात, चढावर, सावकाश जाताना वापरायचं असतं, हेही सांगितलं असणार. पण तोवर मी स्टेअरिंगवर बसून आरशात स्वतःला बघत होतो. शिवाय मी जास्तीचे पैसे चार चाकांचे मोजले होते, मग दोनच का फिरवायची, असा माझा साधा विचार. टेम्पोवाल्यानं दांडी मागं ओढली आणि जीप एकदम गाडीसारखी पळायला लागली. मोहोळनंतर मात्र खालून कट्ट-कट्ट असा आवाज सुरू झाला तो घरापर्यंत. दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीनं जीपची पूजा बघितली, आणि दुपारी तीच जीप हार-लिंबासकट टोचन करून गॅरेजला जातानाही बघितली.

मी कॉलेजात भूगोल शिकवतो. मला जीपची गरज काय, हा प्रश्न स्टाफरूममध्ये सगळ्यांना पडला. उत्तर माझ्याकडं तयार होतं, आणि ते खरंही होतं. सासुरवाडीची वस्ती वेळापूरच्या अलीकडं, डांबरी सोडून आत, काळ्या रानात. पाऊस झाला की त्या वाटेवर साधी मोटार पहिल्याच वळणाला बसते आणि पायी गेलं तर चप्पल तिथंच राहते. सासऱ्यांना सगळे अण्णा म्हणतात. अण्णांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. गुडघे आधीच गेलेले. ऑपरेशनचा विषय काढला, की उन्हाळ्यात त्यांना ऊन लागायचं, थंडीत ज्वारी काढायची असायची आणि पावसाळ्यात वाट नसायची. एकदा वैतागून ते म्हणाले, "दारात गाडी आणा, बसतो." गाडी दारात येणार नाही याची त्यांना खात्री होती.

बायकोनं ते धरून ठेवलं. स्वयंपाकघरातला ओटा बदलायला तिनं पैसे साठवले होते. ते तिनं स्वतः होऊन जीपला दिले. "अण्णांना दिसायला लागलं तर जुन्या ओट्यावर पण भाकरी चांगली होते," म्हणाली. मी छोटी दांडी, पुढं पाडता येणारी काच असल्या गोष्टींवर भाळलो होतो. ती वडिलांच्या डोळ्यांसाठी गाडी घेत होती. एकाच गाडीत आम्ही दोघं वेगवेगळ्या गोष्टी विकत घेतल्या.

तेव्हापासून आमच्या घरात जीपचा खर्च रुपयांत सांगत नाहीत, ओट्यात सांगतात. मी गॅरेजमधून आलो की बायको विचारायची, "आज काय बसवलं?"

"क्लचप्लेट."

"म्हणजे माझं सिंक गेलं."

रेडिएटरमध्ये ग्रॅनाइट गेलं. स्प्रिंगपाट्यांत भिंतीच्या टाइल्स गेल्या. ओट्याखालची कपाटं कशात गेली ते आता आठवत नाही, पण ती गेली.

आमचा मिस्त्री फार आनंदी माणूस. जीप दिसली की पोरगी माहेरी आल्यासारखा पुढं यायचा. नेमकं काय बिघडलंय हे त्यालाही कधी कळलं नाही, पण त्याचं त्याला वाईट वाटत नसे. "हौ साब, सेल्फ बदलके देखेंगे." सेल्फ बदलला. "अब बॅटरी बदलके देखेंगे." बॅटरी बदलली. "हीटर प्लग?" तेही झाले. इतकं सगळं बदलूनही जीप मनात असेल तर चावीवर चालू व्हायची, नसेल तर नुसतं टक्क म्हणून गप्प बसायची. मग ढकलावं लागे. आमच्या गल्लीत ‘ढकला’ हा शब्द मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी अशा चार भाषांत म्हणतात, हे मला जीपमुळं कळलं. एवढी वर्षं राहून शेजाऱ्यांशी जेवढं बोलणं झालं नव्हतं, तेवढं त्या एका वर्षात झालं.

नंतर मी शहाणा झालो. जीप नेहमी उतारावर लावायची. चालू झाली नाही तर ब्रेक सोडायचा, गाडी गडगडायला लागली की दुसऱ्या गिअरवर क्लच सोडायचा, की काम झालं. सोलापूर सपाट आहे असं लोकांना वाटतं. वर्गात मी पोरांना समोच्च रेषा शिकवतो, पण गावातला एकेक उतार मला जीपनं शिकवला. रेल्वेच्या पुलाची बाजू चांगली. भाजी मंडईत उतार नाही, म्हणून भाजी लांबून यायला लागली. एका जवळच्या लग्नाला आम्ही अक्षता टाकून जेवायच्या आधीच निघालो, कारण कार्यालय सपाटीवर होतं आणि मी इंजिन चालू ठेवून आलो होतो. यजमानांना वाटलं, आमचा मानपानावरून रुसवा आहे. अजून त्यांच्या मनात ते आहे.

अण्णांसाठी डोळ्यांचे डॉक्टर शोधले तेव्हा बायकोनं चारजणांची चौकशी केली, कोणाचा हात चांगला, कोण वयस्कर माणसाशी नीट बोलतं. मी चारही दवाखान्यांसमोर जाऊन आलो.

"हे तिसरे चांगले," मी म्हणालो.

"का?"

"गेटसमोर सुंदर उतार आहे."

नशिबानं त्यांचा हातही चांगला निघाला.

तारीख मिळाली ती नेमकी परतीच्या पावसात. अण्णांनी फोनवर सांगितलं, "येतो म्हणलंय तर येतो. पर ही तारीख चुकली, तर परत इचारायचं न्हाय." बायकोनं फोन ठेवला आणि माझ्याकडं बघितलं. त्या बघण्यात अख्खा ओटा होता. डॉक्टरांनीही बजावलं होतं, दुपारी एकच्या आत पेशंट पोचला पाहिजे, नाहीतर पुढचा महिना.

त्या दिवशी भल्या सकाळी जीप पहिल्याच टक्कला चालू झाली. मला तेव्हाच संशय यायला हवा होता. डांबरी सोडून आत वळलो, तर वाट म्हणजे नुसता काळ्या लोण्याचा गोळा. मी छोटी दांडी पुढं ढकलली, या वेळी योग्य जागी. आणि काय सांगू, जीप गेली! डावीकडं घसरत, उजवीकडं डुलत, चिखल छपरापर्यंत उडवत, पण गेली. बायकोनं बार घट्ट धरला होता आणि ती चक्क हसत होती. ओट्याचा एकेक तुकडा त्या चिखलात वसूल होत होता.

वस्तीचं अंगण मुरमाचं, घट्ट आणि ताटासारखं सपाट. म्हणून मी इंजिन बंद केलंच नाही. बायको आत गेली. अण्णांचं आवरणं चालू होतं. त्यांनी आंघोळ केली, कपाळाला विभूती लावली, गड्याला वैरणीचं सांगितलं, म्हशीचं सांगितलं, मग वैरणीचं परत सांगितलं. मी बाहेर बसून एक्सिलरेटरवर पाय ठेवून होतो. शेवटी सासूबाईंनी त्यांच्या तळहातावर दही ठेवलं आणि अण्णा पांढरंशुभ्र धोतर सावरत, गड्याच्या खांद्यावर हात ठेवून बाहेर आले. आता वडीलधारा माणूस समोर उभा असताना जावयानं धडधडत्या गाडीत बसून राहायचं का? मी चावी फिरवली, खाली उतरलो आणि त्यांच्या पाया पडलो.

वाकलेलो असतानाच मला ती शांतता ऐकू आली.

"अहो," बायको म्हणाली. एवढंच म्हणाली.

अण्णा पुढच्या सीटवर बसले. मी चावी फिरवली. टक्क. परत फिरवली. टक्क. शेजारच्या वस्तीवरचा ट्रॅक्टर त्या दिवशी अकलूजला गेलेला. मग मी, बायको आणि गडी ढकलायला लागलो. सासूबाईही पदर खोचून आल्या. जीप चार बोटं हलली आणि थांबली.

"अण्णा, जरा उतरता का?" मी विचारलं.

"दही खाऊन निगालोय, पावणं. आता उतरलो की मोडता घातल्यागत हुईल. मग आज न्हाय जायचं."

सासूबाईंनीही मान डोलावली. उतरायचं नाही म्हणजे नाही. अण्णांच्या आवाजात जरा आशाही होती, असं मला वाटलं. ऑपरेशन टळायची ही शेवटची संधी होती, आणि ती मी पाया पडून त्यांना दिली होती. बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. ते तिनं चिखलाच्या हातानं पुसलं आणि गालावर काळा पट्टा उमटला. तो पट्टा अण्णांना दिसला नसणार. पण नाक ओढल्याचा आवाज आला असावा.

त्यांनी मान त्या आवाजाकडं वळवली. मग गड्याला म्हणाले, "बैलं आण रं."

बैलजोडी आणली, जू घातलं, साखळी जीपच्या पुढच्या कड्याला अडकवली. गड्यानं हाकारलं, पण बैलं जागची हलेनात. त्यांना अण्णांच्या आवाजाची सवय. अण्णा उतरायला तयार नाहीत. शेवटी मी जीपची काच पुढं पाडली. मित्रांना दाखवायचं म्हणून जी काच मी गेले वर्षभर पाडत-उचलत होतो, तिचा खरा उपयोग असा झाला. अण्णांनी कासरा हातात घेतला, सीटवर नीट बसले आणि आवाज दिला, "चल रं राजा! हाऽऽ, चल माझ्या वाघा!"

जीप निघाली. मी स्टेअरिंगला, दुसरा गिअर, क्लच दाबलेला. पाठीमागून तिघं ढकलतायत.

"सोडू का?" मी विचारलं.

"थांबा की वाईच. पळू द्या."

बैलं जरा दुडकी धावायला लागली. "आता सोडा," अण्णा म्हणाले. मी क्लच सोडला. जीपनं एक हिसडा दिला, मागून काळ्या धुराचा लोट निघाला, फाटकन आवाज झाला आणि इंजिन चालू झालं. त्या आवाजानं बैलं उधळली. बायकोनं पळत येऊन मागच्या बाजूनं आत उडी घेतली. तिच्या साडीचा काठ मागच्या फाळक्याच्या कडीत अडकून फाटला, तो अजून तसाच आहे. पुढं बैलं, मागं जीप, मध्ये ताठलेली साखळी. मला ब्रेक दाबता येईना, कारण इंजिन बंद पडलं असतं. अण्णा कासरा धरून ओरडतायत, "होऽऽ! होऽऽ!" आणि मध्येच मला, "पावणं, डावीकडं घ्या, डावीकडं!" म्हणजे हाकत तेच होते, मी नुसता बसलो होतो. तो सगळा चिखल आम्ही कधी पार केला कळलं नाही. डांबरीवर चढल्यावर बैलं आपणहून थांबली. गडी धापा टाकत आला, त्यानं साखळी सोडली. फाट्यावरच्या टपरीपुढं दहाबारा माणसं उभी होती. एकानं मोबाइल वर धरला होता.

तो चिखल जीपनं पार केला की बैलांनी, यावर आमच्या घरात आजही दोन मतं आहेत. जीपच्या बाजूनं मी एकटाच आहे.

एक वाजायच्या आत आम्ही दवाखान्यात पोचलो. उतारावर गाडी लावली, दगड लावला आणि मग मी शांतपणे चावी फिरवली. अण्णा आत गेले. ऑपरेशन व्यवस्थित झालं.

दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. बायको समोर उभी होती. अण्णांनी तिच्याकडं बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "केस पांढरं झालं की गं तुझं." ती हसली आणि मग तिला रडूच आवरेना. मी खिडकीतून बाहेर बघत राहिलो.

खाली आलो. अण्णांनी जीपकडं बघितलं. गंजलेले पत्रे, एका बाजूला लवलेलं छप्पर, फाटक्या सीटवर टाकलेली चादर, तारेनं बांधलेला बंपर. त्यांनी हात लावून बघितला, मागं सरकून परत बघितलं.

"काल हिच्यातनंच आलो व्हय आपण?"

"हो अण्णा."

"बरं झालं डोळं आदी न्हाय केलं. न्हायतर ह्यात बसलो नसतो."

मला ते लागलं. अण्णांना बसवून, उतारावरून गाडी सोडून, क्लच मारून मी घरी आलो. त्या रविवारी जीप बघायला एक गिऱ्हाईक आलं. त्यानंही छोटी दांडी पुढं ढकलली, काच पुढं पाडली आणि आरशात स्वतःला बघितलं. मला त्याचा चेहरा ओळखीचा वाटला. सौदा जवळजवळ झाला होता. मी आत जाऊन बायकोला विचारलं, "देऊन टाकू? तुझ्या ओट्याची निदान सुरुवात तरी होईल."

ती जुन्या ओट्यावर भाकरी थापत होती. तिनं वर बघितलंही नाही.

"अण्णांचा दुसरा डोळा राहिलाय अजून," ती म्हणाली. "आणि हे बघा, त्या दिवशी पाया पडायचं असेल, तर गाडी चालू ठेवून पडा."