शिंपाई नाइ

एकट्यानं जपानी शिकायचं तर सुरुवात कुठून करावी, असं हल्ली भाचेकंपनी मला विचारते आणि माझं डोकं फिरतं. अरे बाबांनो, टेबल-दिवा-पेन्सिल मांडून का कुणी सुरुवात करतं? जिवाला घोर लागला की माणूस कुठूनही सुरुवात करतो. मी पाचोऱ्यात, स्टोव्हवर भाजी फोडणीला टाकताना केली. नवरा जिवंत आहे की मेला, एवढं एकच मला जपानीत विचारायचं होतं.

नव्वद सालानंतरची गोष्ट. हे जळगावच्या एका कारखान्यात फिटर होते. जपानहून नवं मशीन येणार, म्हणून मालकांनी ह्यांना काही महिने तिकडे शिकायला पाठवलं. गल्लीनं हार घातले, पेढे खाल्ले. मग पावसाळ्यात कारखान्याचा निरोप आला की शिडीवरून पडले, दवाखान्यात आहेत, जबड्याला आणि उजव्या हाताला मार बसलाय, काळजी करू नका.

मी तडक जळगाव गाठलं. साहेब गोड बोलले, चहा मागवला. म्हटलं, फोनवर बोलणं करून द्या. तर म्हणे जबडा तारेनं बांधलाय, बोलता येत नाही. बरं, मग दोन ओळींची चिठ्ठी? हात प्लास्टरमध्ये आहे. म्हणजे बोलता येत नाही आणि लिहिताही येत नाही. "साहेब, मेलेल्या माणसालाही नेमकं हेच दोन जमत नाही," मी तोंडावर म्हणाले. साहेब उठून खिडकीशी गेले आणि पाठ करून उभे राहिले. ती पाठ मला पाचोऱ्यापर्यंत गाडीत दिसत राहिली.

उगाच संशय घेत नव्हते मी. आमच्याच गल्लीतला एक जण आखातात गेला होता. त्याच्या घरच्यांनाही "तब्येत बरी आहे, काळजी करू नका" असंच सांगत राहिले, आणि शेवटी लाकडी पेटी आली. दुधानं तोंड पोळलं की ताक फुंकून पितातच.

साहेबांकडून दवाखान्याचा नंबर मात्र मी भांडून आणला होता. सासूबाईंना, म्हणजे आमच्या अक्काला घेऊन स्टेशनजवळच्या एसटीडी बूथवर गेले. काचेच्या त्या खोक्यात आम्ही दोघी एका रिसीव्हरला कान लावून उभ्या. पलीकडे एक बाई त्यांचं हॅलो म्हणाली, "मोशि मोशि." मी मोडकंतोडकं इंग्रजी बोलले. ती भराभरा काहीतरी बोलली, थांबली, पुन्हा बोलली, आणि फोन ठेवून दिला.

अक्का म्हणाली, "ती तुले मावशी काबर म्हनस?"

मला हसू यायला हवं होतं. मी तिथंच बूथच्या पायरीवर बसून रडले. आणि रडता रडता इतका राग आला, इतका राग आला, की ठरवूनच टाकलं. त्या बाईच्याच भाषेत विचारीन. बघू कशी ठेवते फोन!

माझं माहेर धुळ्याचं. धाकटा भाऊ तिथं कॉलेजात होता. त्यानं पुण्याच्या मित्राकरवी एक घरबसल्या जपानी शिकायचं पुस्तक आणि एक जपानी-इंग्रजी डिक्शनरी मागवून दिली. दोन्ही इंग्रजीतून, जपानी शब्दही इंग्रजी अक्षरांत छापलेले. माझं इंग्रजी बारावीपुरतं, तेही घोकलेलं. म्हणजे आधी जपानीचं इंग्रजी बघायचं, मग भावाच्या शाळेतल्या जुन्या डिक्शनरीत त्या इंग्रजीचं मराठी शोधायचं. एक शब्द हाती लागेपर्यंत भाजी करपायची. अक्का मुकाट्यानं करपलेलं खायची. एरवी मिठाच्या कणावरून बोलणारी बाई ती.

पुस्तकाच्या सुरुवातीला त्यांच्या अक्षरांचा तक्ता होता. तो मी उलटून टाकला. मला वाचायचं नव्हतं, ऐकायचं होतं. लिहिताना त्यांचं जपानी मी आपल्या अक्षरांत लिहायची. एक उच्चार इंग्रजीत टी-एस-यू असा दिलेला, आणि तो जमायला फार कठीण असं खाली बजावलेलं. कठीण कसला डोंबलाचा! 'चूक' मधला 'चू' आहे तो. तेवढ्यानं मला उगाच वाटलं की देव आपल्या बाजूचा आहे. क्रियापद आपल्यासारखंच शेवटी येतं, हेही बरं वाटलं. शिकणाऱ्याला असा थोडा तरी ओळखीचा धागा लागतो, नाहीतर हात टेकतात.

पण त्याच पुस्तकात क्रियापदांची एक यादी होती. ज्याच्या शेवटी 'नु' येतो अशा क्रियापदाला त्यांना एकच उदाहरण सापडलं होतं. शिनु. म्हणजे मरणे. पुढं त्याचीच सगळी रूपं, मरतो, मेला, मरत नाही, मेल्यावर. मेल्यांनो, दुसरा शब्द नाही मिळाला? मी ते पान डिंकानं चिकटवून टाकलं. काही उपयोग झाला नाही. बाकीचं पाठ केलेलं उडून जायचं, आणि 'शिनु' तेवढं कणीक मळताना, केर काढताना, आंघोळीच्या वेळी डोक्यात वाजत राहायचं.

श्रावण संपत आला तेव्हा माझ्याकडे दोन वाक्यं तयार होती. मी अमक्याची बायको बोलतेय. माझे यजमान कसे आहेत? अक्कासमोर म्हणून म्हणून घासून घेतली आणि बूथवर गेले. अक्काला त्या दिवशी गुडघा धरला होता, म्हणून एकटीच.

तीच बाई होती. मी दोन्ही वाक्यं बोलले, आणि पलीकडे ती "आऽऽ" करून आनंदली. मग धो धो बोलायला लागली! प्रश्न विचारायला शिकले होते हो मी. उत्तर ऐकायला कुठं शिकले होते? हा साधा विचार माझ्या टाळक्यात आला नव्हता. मी नुसती "हाइ, हाइ", म्हणजे हो हो, करत राहिले. तिलाही कळलं असावं. ती थांबली आणि लहान मुलाशी बोलावं तसं अगदी सावकाश म्हणाली, "शिंपाई नाइ. शिंपाई नाइ देस."

'नाइ' म्हणजे नाही, हे मला येत होतं. आणि 'शिं'नं सुरू होणारा एकच शब्द मला येत होता.

आज कुणीही म्हणेल, अगं बये, मरण नाही म्हणजे माणूस जिवंतच की! पण घाबरलेलं मन व्याकरण करत नाही. आमच्याकडे माणूस गेला की 'तो नही आता' एवढंच म्हणतात. मरण. नाहीत. ते दोन शब्द माझ्या छातीवर एकापाठोपाठ येऊन बसले. रिसीव्हर हातातून सुटला. बूथवाल्या भाऊंनी विचारलं, "वहिनी, काय झालं?"

"गेले," मी म्हणाले.

घरी पोचेपर्यंत बातमी माझ्या पुढं पोचली होती. अंगणात बायका जमल्या होत्या. अक्का भिंतीला डोकं आपटत होती आणि दोघी तिला धरत होत्या. ह्यांचे चुलते, नाना, कारखान्यावर मोर्चा नेतो म्हणून ओरडत होते. मला पाटावर बसवलं. एक म्हातारी चुलत सासू माझा हात हातात घेऊन बांगड्यांवरून बोट फिरवायला लागली. मला कळत होतं ती काय करणार ते. मी हात सैल सोडला होता, अगदी खरं सांगते. माझ्यात काहीच उरलं नव्हतं.

पण मधला तो 'पाई' काय होता? कशानं गेले ते तरी कळायला नको? ताप भरला, का डोक्यात रक्त साकळलं? बाईनं मुद्दाम दोनदा सांगितलं, आणि मला तेवढंही समजू नये? मी हात हिसकून उठले आणि फळीवरची डिक्शनरी काढली. 'शिंपाई' सापडला. त्याच्यापुढचा इंग्रजी शब्द मला येत होता, पण माझा माझ्यावर भरवसा राहिला नव्हता. दुसरी डिक्शनरी उघडली. काळजी, चिंता, असं लिहिलं होतं.

काळजी नाही.

"अहो, काळजी नाही म्हणाली ती! काळजी नाही!" मी किंचाळले. चुलत सासूनं तोंडाला पदर लावला. "पोरीना डोकावर परिनाम व्हयना," कुणीतरी पुटपुटलं. नाना म्हणाले, "बस बेटा, पाणी पी." आणि मी त्यांना काय तोंडानं समजावणार होते? 'गेले' म्हणणारी मीच होते. शिवाय 'काळजी करू नका' हेच तर साहेबही म्हणत होते, आणि त्या पेटीवाल्यांनाही हेच सांगितलं होतं. म्हणजे मी होते तिथंच. उलट वाईट, कारण आता घरात सुतक शिरलं होतं.

"पुन्हा लावते फोन," मी म्हणाले. नाना आडवे आले. तेव्हा अक्का भिंतीपासून उठली, गुडघा धरून माझ्याकडे आली, आणि नानांकडे न बघता चपला घालायला लागली.

वाटेत मी वाक्य जुळवत होते. सभ्य, गोल गोल काही नको होतं. 'जगणे'चं क्रियापद घेतलं. जपानीतही प्रश्नाच्या शेवटी आपल्यासारखंच 'का' लावतात, ते लावलं. असलं वाक्य कुठल्याही पुस्तकात नसतं. बूथवाल्या भाऊंनी आम्हाला बघून आत बोलत असलेल्या माणसाला बाहेर काढलं.

"इकिते इमास का?" मी विचारलं. जिवंत आहेत का? नाव नाही, गाव नाही, नमस्कार नाही.

पलीकडून ती बाई हळूच म्हणाली, "हाइ. इकिते इमास."

मी पुन्हा विचारलं. तिनं पुन्हा सांगितलं. मी तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा "चोत्तो," थांबा, असं म्हणून तिनं रिसीव्हर खाली ठेवला. पावलं गेली. मीटरचे आकडे पळत होते. भाऊंनी उठून त्यावर आपला रुमाल टाकला. किती वेळ गेला कोण जाणे. मग चाकांचा आवाज, बाईचं काहीतरी बोलणं, आणि रिसीव्हरपाशी कुणाचा तरी जड श्वास. दात घट्ट आवळलेल्या माणसाचा असतो तसा.

माझ्या तोंडून ना मराठी निघेना ना जपानी. अक्कानं माझ्या हातातून रिसीव्हर घेतला, दोन्ही हातांनी कानाशी दाबून धरला आणि विचारलं, "जेवना का रे?"

"हं," आतून आवाज आला.