पहिली पंगत

शैला आली की आधी कुणाशी बोलत नसे. जिन्याखालच्या कोंदट खोलीत जायची, सगळ्या गाळ्यांना नेट वाटणाऱ्या डब्यावर, स्विचवर, तळहात ठेवायची आणि लुकलुकणारे दिवे बघत उभी राहायची. मी विचारायचो, "ताप आलाय का त्याला?" ती म्हणायची, "त्याला नाय, शेट. बिल बघून तुमालाच येनार हाय."

खर्डीची ही बाई स्कूटरवरून शहापूर-मुरबाड पट्ट्यात नेटवर्कची कामं करायची. जीभ तिखट. घासाघीस हा माझा हातखंडा, पण तिच्यापुढे दरवेळी हरलो. ते अजून सलतं.

शहापुरातली इमारत मी शून्यातून उभी केली. वर दवाखाना, मधे क्लास आणि माझं ऑफिस, खाली दुकानं. सगळ्यांत मिळून इंटरनेटची लाइन एकच. गाळे देताना मी प्रत्येकाला शब्द दिला होता, नेटवर पहिला नंबर तुमचा. कोणाचा डेटा आधी सोडायचा ते स्विचमध्ये ठरवता येतं, हे शैलानेच मला सांगितलं होतं. मी म्हटलं, "सगळ्यांना पहिल्या रांगेत टाक."

ती हसली. "शेट, हलदीला सगला गाव पयल्या पंगतीत बसवला तर वाढपी चालनार कुठून?"

"मान सगळ्यांनाच द्यावा लागतो, नाहीतर माणसं रुसतात. तू कर!"

"करते. पन मग पयला कोनीच नाय, येवढं ध्यानात ठेवा."

एका दुपारी माझ्या बायकोच्या छातीत कळ आली. तिला उचलून वर दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी कल्याणच्या हृदयाच्या डॉक्टरांना व्हिडिओवर घेतलं. ईसीजी बघून इंजेक्शनचं तेच सांगणार होते. पण चित्र गोठायचं, आवाज तुटायचा. क्लासमध्ये पोरांचे व्हिडिओ चालू, माझ्या ऑफिसातून इमारतीतल्या सगळ्या कॅमेऱ्यांचं चित्रण नेटवर चढतंय, आणि सगळेच पहिल्या रांगेत. बायकोच्या कपाळावर घाम. मी धावत जिन्याखाली आलो आणि शैलाला फोन लावला. ती मुरबाडला होती.

"वायरी उपटू का?"

"हात लावू नका! चुकून दवाखान्याचीच उपटाल. मी मोबाइलवरून आत शिरलेय. पयला कोन? एकच नाव सांगा."

मागे क्लासचे सर आणि एक दुकानदार येऊन उभे होते. त्यांच्या देखत ओरडलो, "दवाखाना!"

"आनि शेवटी?"

मी मागे वळून सरांकडे, मग दुकानदाराकडे पाहिलं.

"शेट, वेल नाय!"

"मी. माझं ऑफिस."

वर पोचलो तेव्हा कल्याणचा आवाज स्वच्छ येत होता. नर्स इंजेक्शन भरत होती.

बायको घरी आली. सर मात्र अजून टोमणा मारतात, "शेट, आमचा नंबर कितवा?" ऑफिसातून येणारं कॅमेऱ्यांचं चित्र माझ्या मोबाइलवर अडखळत येतं. मी शैलावर कितीदा भडकलो. "माझ्याच इमारतीत मी शेवटी? निदान मला तरी वर घे!"

तिचं उत्तर ठरलेलं. "वहिनींना इचारा. त्या हो बोलल्या तर लगेच करते."

वहिनींना कोण विचारणार?

पुढे शैला नवऱ्याच्या बदलीबरोबर नाशिकला गेली. जातानाही तिने स्विचवर हात ठेवला, पण माझा नंबर काही बदलून दिला नाही. आता नवा पोरगा येतो. म्हणतो, "शेट, सगळ्यांना सारखं करून देऊ?" मी त्याला चहा पाजतो, शैलाला दोन शिव्या घालतो आणि जिन्याखालच्या खोलीची किल्ली खिशातच ठेवतो.